सतरावं पान

१

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नगरपालिकेच्या छाननीच्या खोलीत, मोठ्या बाबूंनी प्रस्तावाचं सतरावं पान उलटलं आणि ते कोरं निघालं.

बाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. पान तरी कोरंच.

“सर,” ते म्हणाले, “इथे जागामालकांचं संमतिपत्र पाहिजे. अनुक्रमणिकेत तुम्हीच लिहिलंय. पान सतरा, संमतिपत्र, मूळ प्रत.”

“आहे की,” म्हणत सर पुढे वाकले, आणि वाकले ते तसेच राहिले.

सर म्हणजे संगीताचे सर. बंद पडलेल्या छापखान्याच्या हॉलमध्ये तीन वर्षं ते बारा ते वीस वयाच्या एक्केचाळीस मुलामुलींना वाद्यवृंद शिकवत होते. ज्याला परवडे तो फी देई, आणि न परवडणारेच जास्त होते. सरांनी स्वतःचं चांगलं व्हायोलिन विकून मुलांसाठी ट्रम्पेट घेतली, तेव्हा बाइंडरकाकूंनी त्यांना खडसावलं होतं, “सर, आभाळ फाटलंय, ठिगळं किती लावणार? नगरपालिकेचं युवक अनुदान आहे, त्याला अर्ज करा.”

अर्जाची एकच अट कडक होती. जागा किमान दहा वर्षं हक्काची हवी. छापखान्याच्या म्हाताऱ्या मालकांनी तसं पत्र स्वतःच्या हाताने लिहून दिलं, आणि पुढच्या आठ दिवसांत ते वारले. परदेशातल्या पुतण्याचा निरोप आला: काकांच्या सहीचा मूळ कागद असेल तर त्यांचा शब्द पाळीन, नसेल तर महिनाअखेर जागा विकायला काढीन.

तो मूळ कागदच आता जागेवर नव्हता.

“माझ्याकडे फोटोप्रत आहे,” सर कसेबसे म्हणाले.

“फोटोप्रत चालत नाही हो.” बाबूंना वाईट वाटत होतं, पण नियमापुढे त्यांनी सख्ख्या भावाचंही कधी ऐकलं नव्हतं. “पाच वाजता समितीची बैठक आहे. तोवर मूळ पत्र आलं नाही, तर अपूर्ण म्हणून प्रस्ताव बाद.”

खिडकीपाशी बसलेले फुटबॉलचे कोच खाकरले. याच अनुदानाला त्यांचाही अर्ज होता आणि मिळणार होतं ते एकालाच. “घाईत राहिलं असेल,” ते म्हणाले. “संगीतवाल्यांचं ध्यान सुरात. कागदात कुठलं!”

सरांच्या शेजारी बाइंडरकाकू बसल्या होत्या. वय बासष्ट, बोटांवर डिंकाचे जुने चट्टे, आणि बोलणं मोजकं. नगरपालिकेची रजिस्टरं तीस वर्षं त्यांच्याच हाताखालून शिवून गेली होती. हा प्रस्तावही, वहीएवढ्या आकाराची चोवीस पानांची पुस्तिका, त्यांनीच शिवला होता. त्यांनी ती पुस्तिका स्वतःकडे ओढली आणि कोऱ्या पानावरून अंगठा फिरवला. एकदा सरळ, एकदा उलटा.

“पत्र राहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी माझ्या हाताने चिकटवलंय. आणि बाबू, हा कागद माझ्या घरचा नाही.”

२

कोच हसले. “काकू, कागदासारखा कागद. त्याला काय आडनाव असतं?”

“तुमचा चेंडू दुसऱ्यांच्या ढिगात पडला तर ओळखता ना?”

“शिलाईवरून ओळखतो.”

“मग मलाही ओळखू द्या.” काकू बाबूंकडे वळल्या. “शुक्रवारी हा प्रस्ताव घेताना शिक्का कुठे मारलात?”

बाबूंचा चेहरा उजळला. ही त्यांची स्वतःची पद्धत होती आणि बावीस वर्षांत कुणी ती विचारलीच नव्हती. “पानं पत्त्यांसारखी तिरकी पसरायची, आणि सगळ्यांच्या कडांवर मिळून एकच गोल शिक्का दाबायचा. प्रत्येक पानाच्या वाट्याला शिक्क्याची एक चिंधी येते. एक पान जरी बदललं तरी गोल तुटतो. आहे कुणाची टाप?”

“पसरा बरं.”

बाबूंनी पानं पसरली. जांभळा गोल उमटला, पण दोन ठिकाणी तो फुटला होता. सतराव्या पानावर शिक्क्याची चिंधी नव्हती. विसाव्यावरही नव्हती.

सरांनी विसावं पान उलटून पाहिलं. मग ते म्हणाले, “पण विसावं पान तर शाबूत आहे. मुलांची यादी. ही काय, छापलेली.”

“सतरा आणि वीस ही दोन पानं नाहीत, सर. तो एकच कागद.” काकूंनी टेबलावरचे दोन कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले. “चार पानांची एक घडी. बाहेरच्या कागदाचं हे अर्धं सतरावं, ते अर्धं विसावं. आतल्याचं अठरावं आणि एकोणिसावं. अशा सहा घड्या मी वेगवेगळ्या शिवल्यात. बाहेरचा कागद बदलला की दोन्ही पानं बदलली.”

म्हणजे शुक्रवारनंतर कुणीतरी घडी उसवून, कागद बदलून, पुन्हा शिवली होती. सरांचा निष्काळजीपणा नव्हता, नगरपालिकेच्या ताब्यातल्या कागदाला हात लागला होता. बाबूंच्या कपाळाला घाम फुटला. त्यांनी नोंदवही उघडली. कपाट कुलपात, किल्ली त्यांच्या कमरेला. प्रस्ताव दोनदाच बाहेर निघाला होता. शनिवारी सकाळी कोचनी तो बाबूंच्या समोर बसून वीस मिनिटं वाचला. अर्जदारांना तेवढा हक्क असतो. शनिवारी दुपारी समितीच्या सदस्य असलेल्या डॉक्टरीणबाई सही करून तो घरी वाचायला घेऊन गेल्या, आणि आज दहा वाजता परत देऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना छापखान्याला भिंतीला भिंत लागून होता. वाद्यांच्या आवाजाबद्दल त्यांनी लेखी हरकत घेतलेली अख्ख्या गावाला माहीत होती.

“घ्या,” सर म्हणाले. “चोर सापडला.”

“सापडला की नाही ते दोऱ्याला विचारू.” काकूंनी घडीचा मध्य उघडला. शिवणीची गाठ तिथेच दडलेली असते. त्यांनी नखाने ती उचलून पाहिली, आणि त्यांचा हात थांबला.

“काय झालं, काकू?”

“दोरा माझा नाही,” काकू म्हणाल्या. “पण गाठ माझीच आहे.”

३

साधी निरगाठ कुणीही मारतं. काकूंची गाठ निरगाठच, पण शेवटचं टोक परत तिच्याच पोटातून ओढून घेतलेलं. त्यामुळे ती चपटी बसते आणि पानाला टेंगूळ येत नाही. काकूंनी ही गाठ धंद्यातल्या कुणालाही दिलेली नव्हती. फक्त गेल्या सुट्टीत सरांची मुलं आपापल्या स्वरलिपीच्या वह्या शिवायला त्यांच्या शेडमध्ये आली होती, तेव्हा कौतुकाने त्यांनी ती सगळ्यांना शिकवली. एक्केचाळीस मुलांना. आणि त्यांतल्या निम्म्यांचा हात धरून शिकवणारी होती काकूंची स्वतःची नात.

म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्यातलंच कुणीतरी. काकूंनी हे सरांना सांगितलं नाही. बाबूंच्या परवानगीने विसाव्या पानाचा फोटो घेतला, दोऱ्याचं लोंबतं टोक कापून रुमालात बांधलं आणि त्या थेट घरी गेल्या.

नात जेवत होती. सतरा वर्षांची, ट्रम्पेट वाजवणारी, म्हणून घरात तिचं नाव पिपाणी.

“शनिवार-रविवार कुठे होतीस गं?”

पिपाणीचा घास हातातच राहिला. “आजी! तुला माझा संशय येतो?”

“येत नाही. पण तुला न विचारता दुसऱ्याच्या पोरांना विचारलं, तर लोक म्हणतील, काकूंनी आपलं झाकलं आणि दुसऱ्याचं उघडं पाडलं.”

पिपाणीने डोळे पुसले. मग मुकाट्याने सांगितलं. दोन्ही दिवस दुपारी दोन ते सात सराव, हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत.

“सगळे होते?”

“रविवारी एक जण नव्हतं.” पिपाणीने ओठ मिटले. “कोण ते विचारू नकोस. तुझ्यासाठीसुद्धा मी चहाडी करणार नाही.”

“करूही नकोस,” काकू म्हणाल्या, आणि नातीचा त्यांना आतल्या आत अभिमान वाटला. पण काम वाढलं होतं, आणि एक वाजत आला होता.

वाटेत मैदान लागलं. कोच पायरीवर बसून उसवलेला चेंडू दोन सुयांनी शिवत होते. काकूंना पाहून त्यांनी तो चेंडूच पुढे केला. “बघा माझी गाठ. शेंगदाण्याएवढी. याने तुमचं पुस्तक मिटेल तरी का?”

“मिटणार नाही. म्हणून तर तुमच्यावर संशय नाही. मला एवढंच सांगा, शनिवारी वाचलंत तेव्हा पत्र होतं?”

“होतं. तीनदा वाचलं. म्हाताऱ्याचं अक्षर काय सुरेख! वाचलं आणि मनात म्हटलं, बाबा रे, यंदा आपण गेलो.” कोचनी दोरा दातांनी तोडला. “काकू, मला जिंकायचंय. पण समोरचा संघ मैदानात उतरायलाच पाहिजे. नाहीतर काय, रिकाम्या मैदानात गोल मारून नाचू?”

म्हणजे शनिवारी सकाळपर्यंत पत्र जागेवर होतं. आता एकच घर उरलं, आणि त्या घरात ही गाठ पोचली कशी ते कळत नव्हतं.

४

दोन वाजता काकू छापखान्याच्या हॉलमध्ये पोचल्या तेव्हा सर एकटेच खुर्च्या भिंतीला लावत होते. हरलेला माणूस आवराआवर करतो तसे.

“सर, हात द्या.” काकूंनी रुमाल सोडून दोरा त्यांच्या बोटांवर ठेवला. “हे काय लागतंय? मी दोऱ्याला मेण लावते. हे मेण नाही.”

सरांनी दोरा चोळला, नाकाशी नेला, आणि त्यांचा चेहरा उतरला. “राळ आहे ही.”

“व्हायोलिनच्या गजाला लावतात ती?”

“व्हायोलिन, चेलो, जे जे गजाने वाजतं त्या सगळ्याला. काकू, हे बाहेर सांगू नका. लोक म्हणतील, यांनीच आपलं पान काढलं आणि आता बोंब मारतायत.”

“म्हणू देत.” काकू एका खुर्चीवर बसल्या. त्यांना एक गोष्ट सकाळपासून सलत होती. “मला सांगा, मला पत्र पळवायचं असतं तर मी काय केलं असतं? फाडलं असतं. दोन सेकंदांचं काम. या माणसाने घडी उसवली, नवा कागद घेतला, आणि त्यावर विसाव्या पानाची यादी पुन्हा सबंध छापली. पत्राच्या जागी मात्र काहीच नाही, नुसतं कोरं. कष्ट कुठे घेतलेत?”

सरांनी मान वर केली. “यादीवर.”

“ज्याच्यावर कष्ट, त्याचीच गरज. आपण सगळे उलटं बघत बसलो. पत्र कुणी चोरलेलंच नाही. चोराला हवी होती यादी. पत्र बिचारं जोडकागदाबरोबर ओढलं गेलं.”

त्यांनी फोनवरचा फोटो मोठा केला आणि नावांवरून बोट फिरवत मोजायला लागल्या. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं.

“सर, मुलं किती तुमची?”

“एक्केचाळीस.”

“यादीत चाळीस आहेत.”

सरांनी फोन घेतला. त्यांचे डोळे यादीवरून खाली गेले आणि एका ठिकाणी थबकले. त्यांना कळलं होतं. काकूंनाही कळलं की त्यांना कळलं आहे.

“नाव सांगू शकत नाही, काकू. मी तिला शब्द दिलाय. तिच्या अर्जावर पालक म्हणून मावशीची सही आहे. घरी माहीत नाही, आणि माझ्याकडून माहीत होणार नाही. अनुदान गेलं तरी.”

“शब्द पाळा. यादी तपासायला मुलांना पाठवली होतीत का?”

“सगळ्यांना. फोनवर.”

“मग नाव नको. नुसतं वाद्य सांगा. वाद्याला कुठे शब्द दिलाय तुम्ही?”

सरांनी फोन परत दिला. कोपऱ्यात, पांढऱ्या कापडाखाली, माणसाएवढं काहीतरी भिंतीला टेकून उभं होतं. सरांची नजर तिकडे गेली.

“चेलो,” ते म्हणाले.

५

दवाखान्यात रोगी नव्हते. डॉक्टरीणबाईंनी काकूंना आत बोलावलं, पण खुर्ची दाखवली नाही.

“मोठ्या बाबूंचा फोन आला होता,” त्या म्हणाल्या. “काकू, सरळ बोलते. दुपारी चार ते सहा मी रोग्यांची छाती तपासते आणि कानात ट्रम्पेट वाजत असते. म्हणून हरकत घेतली. सही करून, तारीख घालून. मला विरोध करायचा असतो तेव्हा मी तोंडावर करते. पानं पळवत नाही.”

“ठाऊक आहे मला. म्हणून तुम्हाला एकच विचारते. पुस्तिका घरी कुठे होती?”

“जेवणाच्या टेबलावर. शनिवारी रात्री वाचायला घेतली, दहाव्या पानापर्यंत गेले. रविवारी पुढचं वाचणार तर तीनला रुग्णालयातून बोलावणं आलं, ती पाचला परतले. मग रात्री थकून झोपले. उरलेलं आज बैठकीत वाचीन म्हणून सकाळी परत दिली.”

“म्हणजे यादी तुम्ही पाहिलीच नाही.”

“नाही. का?”

“काही नाही. रविवारी घरी कोण होतं?”

“मुलगी. वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास चाललाय तिचा. शिकवणी सोडली तर खोलीबाहेर डोकंही काढत नाही.” हे सांगताना मात्र डॉक्टरीणबाईंचा आवाज मऊ झाला.

काकूंनी नमस्कार केला आणि निघाल्या. घर तिथून दहा मिनिटांवर होतं. पावणेचारला त्यांनी बेल वाजवली.

दार उघडणारी मुलगी सतरा-अठराची, उंच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. काकूंना बघताच तिने दाराची कड घट्ट धरली. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना घट्टे होते. अभ्यासाने तिथे घट्टे पडत नाहीत.

“गाठ छान बसली होती,” काकू म्हणाल्या. “पण घाईत एक टाका सैल राहिला.”

मुलीचा बांध फुटला. तिथेच, दारात. काकूंनी तिला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि काही विचारलं नाही. मग ती आपणहून बोलली.

आई सदस्य आहे, प्रस्ताव तिच्या हाती येणार, हे तिला माहीत होतं. पण तो घरीच येईल असं वाटलं नव्हतं. शनिवारी रात्री आई पान पान उलटत होती आणि ही दाराआडून बघत होती. विसाव्या पानावर आपलं नाव. रविवारी आई गेली तशी तिने स्वतःचं नाव गाळून यादी छापली, शिवण उसवली. दोऱ्याला लावायला मेण नव्हतं, म्हणून दप्तरातली राळ लावली.

“जुना कागद बाजूला ठेवला होता. नवा शिवून झाला, आणि मग दिसलं की जुन्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर पत्र आहे. तेवढ्यात खाली गाडी वाजली. पुन्हा उसवायला वेळच नव्हता, काकू. म्हटलं रात्री करीन, तर आई पुस्तिका उशाशी घेऊन झोपली. सकाळी उठले तर ती घेऊन गेलीसुद्धा.”

“पत्र कुठे आहे?”

तिने जीवशास्त्राचं जाडजूड पुस्तक उघडलं. आत तो दुमडलेला कागद होता, सुरकुतीसुद्धा न पडलेला. एका अर्ध्यावर म्हाताऱ्या मालकांचं सुरेख अक्षर, दुसऱ्या अर्ध्यावर एक्केचाळीस नावं.

काकूंनी सुटकेचा श्वास टाकला. “दे. तुझं नाव न घेता मी हे जागेवर लावून देईन.”

“आणि कोण म्हणून विचारलं तर?”

“सांगणार नाही.”

मुलगी कागदाकडे बघत राहिली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

“मग सगळे सरांनाच म्हणतील,” ती म्हणाली. “नाही, काकू. मी येते. चपला घालू द्या.”

६

समितीच्या दालनात सात सदस्य, मधोमध अध्यक्ष, मागे बाकांवर कोच, सर आणि अर्धा वाद्यवृंद. पाचला दोन मिनिटं कमी असताना अध्यक्षांनी प्रस्ताव उचलला. “संगीतवर्गाचा अर्ज अपूर्ण असल्यामुळे...”

“अपूर्ण नाही,” काकू दारातूनच म्हणाल्या. घाईने चालून त्यांना दम लागला होता. त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला.

अध्यक्षांनी तो उलटसुलट पाहिला. ते हिशेबी माणूस होते आणि सहजासहजी कशालाच हो म्हणत नसत. “हे तेच पत्र कशावरून? आज दुपारी कुणी बनवून आणलं नसेल कशावरून?”

“ते मी नाही, बाबूंचा शिक्का सांगेल.”

मोठे बाबू उठले. त्यांनी खोटा कागद उसवून काढला, खरा जागेवर ठेवला, आणि सगळ्यांच्या समोर पानं तिरकी पसरली. सोळावं, सतरावं, अठरावं, एकोणिसावं, विसावं. दोन्ही फटी भरल्या. जांभळा गोल पूर्ण झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या शिक्क्याला कुणी टाळ्या देताना बाबूंनी ऐकलं, आणि त्यांना कुठे बघावं ते सुचेना.

“ठीक,” अध्यक्ष म्हणाले. “पण नगरपालिकेच्या कागदाला हात लावला कुणी? ते कळल्याशिवाय मी मत घेणार नाही.”

काकूंनी घड्या, गाठ, राळ, चाळीस नावं, सगळं क्रमाने सांगितलं. नाव सोडून. “चोरी पत्राची नव्हती. एका मुलाला आपलं नाव लपवायचं होतं. याहून जास्त मी बोलणार नाही.”

“मग मला विचारावं लागेल...”

“मी केलं.” दारापाशी डॉक्टरीणबाईंची मुलगी उभी होती. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. “सरांना माहीत नव्हतं. आईलाही नाही. मी तीन वर्षं चेलो वाजवते, शिकवणीला जाते असं सांगून. चूक माझी आहे. वर्गाला तिची शिक्षा करू नका.”

सगळ्यांच्या नजरा सदस्यांच्या रांगेत तिसऱ्या खुर्चीकडे वळल्या. डॉक्टरीणबाई पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनी पुस्तिका पुढे ओढली, विसावं पान काढलं आणि यादीत बोट फिरवत लेकीचं नाव शोधलं. सापडल्यावर बोट तिथेच ठेवलं.

“तीन वर्षं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“माझ्या भिंतीपलीकडे?”

“हो, आई.”

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. कुणाला वाटलं, आता स्फोट होणार. पण त्या उठल्या तेव्हा आवाज नेहमीसारखा कोरडा होता. “अध्यक्ष, माझी मुलगी या वर्गात आहे, म्हणून मला मत देता येणार नाही. नोंद करून घ्या. पुस्तिका माझ्या ताब्यात असताना हे झालं, त्याची जबाबदारीही माझी, तीही नोंदवा. माझी हरकत मात्र कायम आहे. चार ते सहा ट्रम्पेट नको.”

“सहानंतर घेतो,” सर ताडकन उठून म्हणाले. “चार ते सहा फक्त गजाची वाद्यं. हवं तर लिहून देतो.”

“लिहून द्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मग हरकत मागे.”

अध्यक्षांनी मुलीला लेखी माफी द्यायला सांगितली आणि चार कडक शब्द सुनावले. ते तिने मान खाली घालून ऐकले. मग मतं घेतली. सहा जण मत देणारे. पहिले दोन हात संगीतवर्गाच्या बाजूने लगेच वर झाले. दोन सदस्य कोचच्या अर्जासाठी अडून बसले. पाचव्या बाईंनी पत्र पुन्हा वाचलं आणि हात वर केला. तीन विरुद्ध दोन. उरले अध्यक्ष. समान मतं पडली तर ठराव पुढच्या वर्षावर जाणार होता.

अध्यक्षांनी पेन बंद केलं. “माणसं कागद पळवतात ती फायद्यासाठी,” ते म्हणाले. “आणि इथे एक पोरगी पळवलेला कागद स्वतः घेऊन आली, स्वतःचं नुकसान करून. असलं काही तिथे शिकवत असतील तर पैसे वाया जाणार नाहीत.” त्यांचा हात वर गेला.

चार विरुद्ध दोन. ठराव मंजूर.

मागच्या बाकांवर जो गलका उठला त्यात पिपाणीची किंकाळी सगळ्यांत वर होती. सर खुर्चीत बसले आणि दोन्ही तळहातांत तोंड लपवून रडले. कोचनी त्यांच्या पाठीत एवढी मोठी थाप मारली की ते रडायचे थांबले. “यंदा तुम्ही. पुढच्या वर्षी बघा,” कोच म्हणाले. मोठे बाबू मंजुरीचा ठराव लिहायला बसले. त्यांचं अक्षर नेहमी मुंगीएवढं, आज ते दुप्पट मोठं पडत होतं.

काकूंनी पर्समधून सुई काढली, मेणाचा दोरा ओवला आणि तिथेच टेबलावर ती घडी पुन्हा शिवली. शेवटचं टोक पोटातून ओढताना त्यांनी मान वर केली नाही, कारण डोळे भरून आले होते आणि समितीला ते दाखवायचं नव्हतं.

सहा वाजता सगळे छापखान्यात पोचले. डॉक्टरीणबाईही आल्या, कुणी बोलावलं नसताना. त्यांनी हॉल पाहिला, भिंतीला लावलेल्या खुर्च्या पाहिल्या. मग कोपऱ्यातलं पांढरं कापड लेकीनेच काढलं, आणि ती बसून वाजवायला लागली. पहिले दोन सूर चिरकले. तिसरा सूर लांब, खोल, अखंड निघाला. डॉक्टरीणबाई उभ्याच राहिल्या. संपल्यावर त्या म्हणाल्या, “हे घरी का वाजवत नाहीस?”

“घरी वाद्य कुठे आहे, आई?”

“मग घेऊन चल की.”

चेलो गाडीत मावेना. मागची सीट पाडली, डिकी उघडी ठेवून पाहिली, सरांनी सात युक्त्या सांगितल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी गाडीला कुलूप लावलं. “चालत जाऊ,” त्या म्हणाल्या, आणि चेलोची मान त्यांनी धरली, खालचं अंग लेकीने. भर रस्त्यातून त्या दोघी निघाल्या. वाहनं थांबली. मागून पिपाणी ट्रम्पेट वाजवत निघाली, तिच्यामागे उरलेली एकोणचाळीस, ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन. दुकानदार पायऱ्यांवर आले. बाइंडरकाकू सगळ्यांत शेवटी, संथपणे, सरांच्या शेजारून चालत होत्या.

वाटेत लेकीने तीनदा म्हटलं, आई, दमलीस, जरा टेकवूया. घर येईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी तो एकदाही जमिनीला टेकू दिला नाही.